दोन मोटरचं आरसी (रिमोटने उडवायचं) सी-प्लेन: कोणतं घ्यावं, वायरिंग कसं करावं, पाण्यावरून कसं उडवावं?

पाणकावळा

नमस्कार मंडळी. एका मोटरची फोमची विमानं जमिनीवरून नीट उडवता येतात, एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या कडेच्या झडपांची) सवय आहे, मध्यम वाऱ्यात उतरवायलाही जमतं. आता दोन मोटरचं सी-प्लेन घ्यायचं आहे. पंखांचा विस्तार १.४ ते १.६ मीटर, ४ सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), रिसीव्हर आणि बॅटरी आपली घालायची, असा साधारण विचार आहे. ट्रान्समीटर ८ चॅनलचा आहे आणि त्यात मिक्सिंगची (एका स्टिकने दुसरा चॅनलही हलवायची) सोय आहे. उडवायला मोठा, उघडा तलाव आहे.

अडलंय ते असं. कॅटलिना किंवा कॅनडेअरसारखी फ्लाइंग बोट (जिचं पोटच पाण्यावर तरंगतं) घ्यावी, की फ्लोट लावलेलं ट्विन ऑटर? दोन्ही ईएससी (मोटरचा वेग ठरवणारी सर्किटं) वाय-लीडने (दोन फाटे असलेल्या तारेने) एकाच चॅनलवर घ्याव्यात की वेगळ्या चॅनलवर? टेक-ऑफच्या वेळी नाक पाण्यात घुसणं आणि विमान उसळ्या मारणं हे व्हिडिओंत फार दिसतं, ते नेमकं कशामुळे होतं? आणि हवेत एक मोटर बंद पडली तर काय करायचं?

जुनं विमान मिळत असेल तर घ्यावं का, घेताना काय तपासावं, हेही सांगा.

उंचपंख

पाण्यावरचं पहिलंच विमान असेल तर माझं मत कॅनडेअर ढाच्याच्या बाजूने. मूळ कॅनडेअर २१५ (पहिलं उड्डाण १९६७) आगीवर पाणी टाकण्यासाठीच बनवलेलं. पंख पोटाच्या वर, मोटरी पंखावर, त्यामुळे प्रॉप (मोटरीचे पंखे) पाण्यापासून भरपूर उंच राहतात. पंख रुंद आणि सरळ असल्याने कमी वेगातही मॉडेल एका अंगावर पटकन पडत नाही.

कॅटलिना (१९३५) दिसायला सगळ्यांत देखणी, पण तिच्या दोन मोटरी मधल्या खांबाच्या अगदी जवळ असतात. याचा फायदा असा की एक मोटर गेली तरी विमान कमी वळतं. तोटाही त्यातच आहे: पाण्यावर मोटरींचा जोर कमीजास्त करून वळवायला गेलं तर ती सावकाश वळते. शिवाय पंख लांब असल्याने बाजूच्या वाऱ्यात टोकाचा फ्लोट पाण्यात दबतो. ग्रुमन गूसमध्ये (१९३७) पंख पोटाला टेकलेला असल्याने प्रॉप पाण्याच्या जवळ येतात आणि तुषार थेट त्यांच्यावर उडतात. पहिल्यासाठी नको.

ट्विन ऑटरचा (१९६५) मोठा गुण हा की फ्लोट काढून चाकं लावता येतात. तुम्ही जमिनीवर उडवताच, तेव्हा दोन मोटरींचं विमान हवेत कसं वागतं हे आधी चाकांवर शिकून घेता येईल. पण फ्लोटवर विमान पाण्यापासून उंच उभं राहतं, म्हणजे वजन वर आणि आधार खाली. बाजूच्या झोताने कलंडण्याचा धोका फ्लाइंग बोटीपेक्षा जास्त. फ्लोट लावल्यावर सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) पुढे बाजूचं क्षेत्रफळ वाढतं, शेपूट सैल होते, म्हणून शेपटीखाली लावायचं जादा फिन संचात असेल तर ते शोभेचं समजून सोडून देऊ नका.

कोणतंही घ्या, विकत घेण्याआधी जोराचा हिशेब करा. पाण्यातून सुटायला जमिनीपेक्षा बरीच जास्त ताकद लागते. दर किलोमागे ३०० ते ४०० वॉट धरा. म्हणजे २.२ किलोच्या विमानाला ३५० च्या दराने दोन्ही मोटरी मिळून साधारण ७७० वॉट. ४ सेलवर हे ५२ अँपिअरच्या आसपास, प्रत्येक मोटरला २६. ईएससी ४० अँपिअरच्या असाव्यात, कारण बंद, हवा न लागणाऱ्या जागेत त्या तापतात. २६ ला ३० ची लावली तर हिशेबात बसते, पण पूर्ण थ्रॉटलवर लांबत गेलेल्या टेक-ऑफमध्ये तापून मोटर बंद करते, आणि नेमकी एकाच बाजूची.

जुनं घेताना:

- सगळ्यांत आधी वजन करा. निर्मात्याने सांगितलेल्या वजनापेक्षा १००–१५० ग्रॅम जास्त भरलं तर एक तर गोंदाच्या डागडुज्या आहेत, नाही तर पोकळीत पाणी आहे. ईपीओ फोम स्वतः पाणी फारसं पीत नाही, पाणी साचतं ते दोन अर्ध्या भागांच्या मधल्या पोकळीत. विमान कानाजवळ धरून हलवा.
- मोटर हाताने सावकाश फिरवा. चुंबकांचे टप्पे जाणवणारच, पण करकर लागली तर बेअरिंग गंजलंय. बेअरिंग बदलता येतात. पण शाफ्ट वाकलेला असेल तर मोटरच बदला.
- सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि ईएससीच्या प्लगमध्ये हिरवट थर दिसला तर ते बहुधा खाऱ्या पाण्यात गेलेलं आहे. मग फक्त सांगाड्याचे पैसे द्या, आतलं सगळं बदलायचं धरून चाला.
- तळाची पायरी बघा. पोटाच्या खाली मधोमध जो आडवा तुटक टप्पा असतो, त्याची कड धारदार हवी. गोलावलेली किंवा गोंदाने भरलेली असेल तर विमान पाणी सोडत नाही.
- मोटर धरणारा पंखातला लाकडी किंवा प्लास्टिकचा तुकडा दोन बोटांनी हलवून बघा. फोमपासून सुटलेला असेल तर मोटरचा कोन बदलतो, आणि दोन मोटरींत तो वेगवेगळा झाला की विमान कधीच सरळ जाणार नाही.

सुटे भाग मिळतात का ते घेण्याआधीच पाहा. टोकाचे फ्लोट आणि उलट फिरणारा प्रॉप हे दोन सर्वांत जास्त लागतात.

तांब्याची_तार

वायरिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण दोन मोटरींच्या विमानात घोळ होतो तो बहुतेक इथेच.

बॅटरी एकच, तिच्यापासून दोन फाटे, दोन ईएससी. पंखातल्या मोटरीपर्यंत अंतर असतं, म्हणून कोणती तरी तार लांबवावी लागते. लांबवायची ती ईएससी आणि मोटर यांच्यामधल्या तीन तारांची जोडी, बॅटरीची नाही. बॅटरीकडची तार लांबली की ईएससीच्या तोंडाशी व्होल्टेजचे उसळे वाढतात आणि तिथले कपॅसिटर मरतात. बॅटरीचीच तार वाढवावी लागली, तर दर १० सेंटिमीटरला २२० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर ईएससीच्या जवळ सोल्डर करा. ईएससी पोटात, मोटर पंखात, अशी मांडणी केली तर ईएससी पाण्याच्या तुषारांपासूनही वाचते, फक्त तिला हवा मिळण्याची वाट ठेवा.

बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणारा भाग. दोन्ही ईएससींत बीईसी असते आणि एकाच रिसीव्हरला जोडल्या की दोन्ही एकमेकींशी भिडतात. एका ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढून, टेपने गुंडाळून बाजूला ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे दोन्हींच्या लाल पिना काढा आणि ५ अँपिअरची वेगळी बीईसी पोटात उंच जागी लावा. एलेरॉन २, फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणारे) २, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा), पाण्यातलं रडर असे सात सर्व्हो सहज होतात, एका ईएससीतली ३ अँपिअरची बीईसी त्यांना पुरत नाही. आणि ईएससी भिजून मेली तर तिच्यासोबत रिसीव्हरही जायला नको.

थ्रॉटलची मर्यादा दोन्ही ईएससींना एकसारखी शिकवा. प्रॉप काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप आले की पूर्ण खाली. मग स्टिक अगदी हळू वर न्या. दोन्ही मोटरी एकाच क्षणी फिरायला लागल्या पाहिजेत. एक आधी सुरू झाली तर तिच्या चॅनलचं सब-ट्रिम (बारीक जुळवणी) एक-दोन टप्पे हलवा. दोन्ही ईएससी एकाच मॉडेलच्या, एकाच टायमिंगवर, ब्रेक बंद.

कमी व्होल्टेजला मोटर तोडण्याची सोय ही दोन मोटरींत फसवी आहे. दोन्ही ईएससी एकाच बॅटरीवर असल्या तरी एक जरा आधी तोडते, आणि विमान कमी उंचीवर, उतरायच्या वळणातच, गचकन एका बाजूला फिरतं. ती सर्वांत खालच्या पातळीवर आणि ‘हळूहळू जोर कमी’ या प्रकारावर ठेवा, आणि भरवसा टायमरवर ठेवा. ४००० एमएएचमधले ८० टक्के म्हणजे ३२०० वापरायचे. सरासरी २४ अँपिअर धरले तर ८ मिनिटं होतात. पहिल्या उड्डाणांना टायमर ५ मिनिटांवर लावा, चार्ज करताना किती एमएएच परत गेले ते बघा आणि मग वाढवा.

आता चॅनल. वेगळे घ्या. सी-प्लेनला दोन मोटरी असण्याचा खरा उपयोग पाण्यावर आहे: डावी जोरात आणि उजवी हळू केली की विमान जागच्या जागी उजवीकडे वळतं. तुमच्या रेडिओत मिक्सिंग आहे, तर ते न वापरणं म्हणजे दोन मोटरींचे पैसे देऊन एकीचं काम घेणं.

मांडणी अशी. डावी मोटर थ्रॉटल चॅनलवर, उजवी ऑक्झिलरीवर (जादा चॅनलवर). थ्रॉटलवरून ऑक्झिलरीला १०० टक्के मिक्स. रडरवरून डावीला अधिक २५ टक्के, उजवीला उणे २५ टक्के. उजवा रडर दिला की डावी वाढली पाहिजे, हे डोळ्यांनी बघा. काही रेडिओंत रडरचं मिक्स थ्रॉटलवर आधी बसतं आणि तेच पुढे ऑक्झिलरीवर जाऊन परिणाम पुसून टाकतं, म्हणून आकड्यांवर विसंबू नका. हे सगळं एका स्विचवर घ्या: पाण्यावर संथ चालताना चालू, टेक-ऑफच्या आधी बंद. पूर्ण थ्रॉटलवर वाढवायला काही उरत नाही, मिक्स फक्त एक मोटर कमी करतं आणि नेमकी हवी तेव्हा ताकद जाते.

तीन गोष्टी मात्र चुकवू नका:

१. थ्रॉटल-कट (मोटर बंदच ठेवणारा स्विच). बऱ्याच रेडिओंत तो फक्त थ्रॉटल चॅनलला लागू होतो. ऑक्झिलरीवरची मोटर मोकळीच राहते. दोन्हींना स्वतंत्र लावा.

२. फेल-सेफ. सिग्नल गेल्यावर थ्रॉटल शून्यावर येतो, पण ऑक्झिलरी काही रिसीव्हरांत शेवटच्या जागेवर टिकून राहते. म्हणजे एक मोटर बंद, दुसरी जोरात. प्रॉप काढून, ट्रान्समीटर बंद करून तपासा, दोन्ही थांबल्या पाहिजेत.

३. मिक्स चालू असताना स्टिक खाली असली तरी नुसत्या रडरने मोटर फिरू शकते. विमान हातात किंवा काठावर असेल तोवर थ्रॉटल-कट लागलेलाच हवा. दोन प्रॉप, दोन्ही बाजूंना. हात कुठे आहे याचं भान एका मोटरीपेक्षा दुप्पट ठेवावं लागतं.

प्रॉपची दिशा: दोन्ही प्रॉपची वरची पाती पोटाकडे फिरतील असं ठेवा. मागून बघताना डावा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, उजवा उलट. म्हणजे नेहमीचा प्रॉप डावीकडे, उलटा उजवीकडे. खाली येणारं पातं जास्त ओढतं, ते दोन्हीकडे आतल्या बाजूला आलं की एक मोटर गेल्यावर विमान कमी वळतं. मोटर उलटी फिरवायला तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. उजव्या बाजूचं नट मात्र नायलॉनचं, आपोआप न सुटणारं हवं. नेहमीच्या आट्यांचं साधं नट उलट फिरणाऱ्या शाफ्टवर प्रत्येक झटक्याला थोडं थोडं सैल होतं.

भिंगरी

वरचं सगळं मान्य, एका मुद्द्यावर मात्र वेगळं मत. पहिली पाच-सहा उड्डाणं वाय-लीडवर करावीत. नवख्या माणसाचं लक्ष आधीच वारा, लाटा, एलेव्हेटर यांत अडकलेलं असतं. मिक्सचा स्विच टेक-ऑफला चालू राहून गेला तर धावताना दिलेला प्रत्येक रडर एक मोटर ओढून धरतो आणि विमान नागमोडी जातं. पाण्यातलं रडर असेल तर मंद वाऱ्यात वळायला तेवढं पुरतं. वाय-लीडवर दोन्ही मोटरी सारख्या जुळल्या की मगच वेगळ्या करा.

जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) असेल तर तो कमी गेनवर (कमी जोरावर) ठेवा. दिशा धरून ठेवणारा मोड पाण्यावर नकोच. वारा नाक फिरवतो, जायरो रडर देत राहतो, आणि सुटताक्षणी तो साचलेला रडर विमानाला वळवतो. आपोआप समतल करणारा मोडही टेक-ऑफला बंद ठेवा, कारण सुरुवातीला एलेव्हेटर पूर्ण वर लागतो आणि तो मोड कोनाला मर्यादा घालतो.

तांब्याची_तार

स्विच विसरण्याचा धोका खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. मिक्सला थ्रॉटलची अट लावा: स्टिक निम्म्याच्या वर गेली की मिक्स आपोआप शून्य. ज्या रेडिओत लॉजिकल स्विच किंवा वक्र देता येतो त्यात हे पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या रेडिओत ते नसेल तर भिंगरी म्हणतात तसं वाय-लीडने सुरू करा.

काठावरचा

पाण्यावरच्या वागण्याबद्दल.

आधी सीजी. पाण्यात नेण्याआधी बॅटरीसकट तोलून सीजीची खूण पोटाच्या दोन्ही बाजूंना मार्करने करा. पायरी या खुणेच्या किंचित मागे, साधारण ५ ते १५ मिलिमीटर असावी. पायरी फार मागे असेल तर विमान वेगात येतं पण नाक वर उचलता येत नाही, धावतच राहतं. सीजीच्याही पुढे असेल तर शेपटीवर बसतं आणि पुरेसा वेग येण्याआधीच उचकतं. सीजी नक्की करताना पुस्तिकेतल्या आकड्याच्या पुढच्या टोकापासून सुरू करा.

संथ चालताना विमान सतत वाऱ्याकडे तोंड करू पाहतं, वातकुक्कुटासारखं. वारा समोरून असताना एलेव्हेटर वर ओढून धरा, नाक वर राहतं आणि प्रॉपवर तुषार कमी येतात. वारा पाठीमागून असेल तर एलेव्हेटर मधोमध किंवा जरा खाली, नाही तर वारा शेपटीखाली शिरून ती उचलतो. वारा समोरून डावीकडून असेल तर एलेरॉन डावीकडे.

उलटण्याची खरी जागा म्हणजे पाठीवर वारा घेऊन येताना वाऱ्याकडे वळणं. या वळणात वारा आणि बाहेर फेकणारा जोर दोन्ही एकाच बाजूला ढकलतात, बाहेरच्या बाजूचा फ्लोट बुडतो आणि त्याच्यावरून विमान कलंडतं. इथे जोर लावून वळवू नका. थ्रॉटल पूर्ण काढा, विमान आपणच वाऱ्याकडे वळतं. वाऱ्याकडून पाठीकडे वळताना हे दोन जोर एकमेकांविरुद्ध असतात, तिथे थोडा जोर चालतो.

टेक-ऑफ नेहमी वाऱ्याच्या समोर. पाण्यावर बारीक सुरकुत्या असतील तो दिवस उत्तम. आरशासारखं पाणी तळाला चिकटतं. या आकाराच्या विमानाला ५ सेंटिमीटरपेक्षा उंच लाटा नकोत.

आता नाक का घुसतं ते. फ्लाइंग बोटीत मोटरी उंच असतात, त्यांचा जोर सीजीच्या वरून लागतो, म्हणून थ्रॉटल झटक्यात दिला की तो नाकाला खाली दाबतो. त्या वेळी वेग नसल्याने एलेव्हेटरला पकड नसते. नाक घुसतं, पाणी पंखावर येतं, संपलं. म्हणून एलेव्हेटर पूर्ण वर ओढून थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत सावकाश पूर्ण करा. आधी नाक उंच उठून विमान पाणी नांगरत जातं. मग ते पायरीवर चढतं: नाक जरा खाली येतं, वेग एकदम वाढतो, मागचा फेस बारीक होतो. हे दिसताक्षणी एलेव्हेटर हळूहळू जवळजवळ मधोमध आणा. इथे वर ओढून धरलं तर शेपूट ओढली जाते, विमान अर्धवट वेगात उसळतं, परत आपटतं. त्याहून जास्त सोडलं, नाक खाली गेलं, की पुढचा तळ पाणी पकडतो आणि उसळ्यांचं चक्र सुरू होतं. दोन्ही चुकांच्या मधली पट्टी अरुंद असते, ती डोळ्यांनी ओळखायला आठ-दहा वेळा फक्त धावायचा सराव करा, उडवू नका.

उसळ्या सुरू झाल्याच तर प्रत्येक उसळीला उलट एलेव्हेटर देत बसू नका. हात नेहमी अर्धा ठोका मागे पडतो आणि उसळी वाढते. दुसऱ्या उसळीला थ्रॉटल काढा, एलेव्हेटर हलकं वर धरून थांबू द्या, पुन्हा सुरुवात करा.

पायरीवर येऊनही सुटत नसेल तर आपल्याच लाटांचं एक वर्तुळ काढून त्यावरून धावा. फ्लोटचं विमान असेल तर एलेरॉनने आधी एक फ्लोट उचला, दुसरा सहज सुटतो. तरीही नाही, तर पायरीची कड बघा. अर्ध्या मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी कडेला चिकटवून धार परत आणता येते.

सुटल्यावर लगेच चढवू नका. हात-दीड हात उंचीवर सपाट जाऊ द्या, वेग घेऊ द्या.

उतरताना थ्रॉटल शून्य करायची जमिनीवरची सवय सोडा. उंच मोटरींमुळे थ्रॉटल तोडल्यावर नाक वर उचकतं. २०–३० टक्के थ्रॉटलवर, अर्धे फ्लॅप, उथळ उतार, आणि तळ पाण्याला टेकल्यावरच थ्रॉटल हळू काढायचा. थ्रॉटल दिल्यावर नाक किती खाली जातं ते उंचीवर मोजून थ्रॉटलवरून एलेव्हेटरला ३-५ टक्के मिक्स दिलं तर हे बरंच सोपं होतं. सपाट पाण्यावर उंचीचा अंदाज अजिबात येत नाही. काठाला समांतर उतरा, गवत किंवा दगड डोळ्याला माप देतात.

पाणकावळा

खूप खूप आभार, टेक-ऑफचं चित्र पहिल्यांदा स्पष्ट झालं. दोन गोष्टी राहिल्या. एक मोटर हवेत गेली तर? आणि पाण्यापासून आतल्या वस्तू कशा वाचवायच्या? पुढे कधी खाडीतही उडवायचं मनात आहे.

उंचपंख

एक मोटर गेल्यावर चूक होते ती एकच: विमान खाली येतंय म्हणून माणूस थ्रॉटल वाढवतो. चालू मोटरचा जोर वाढतो, वेग कमी असल्याने रडर त्याला आवरू शकत नाही, मेलेल्या मोटरीच्या बाजूचा पंख खाली जातो आणि विमान गिरकी घेत पडतं. म्हणून पहिलं काम थ्रॉटल निम्म्याच्या खाली. दुसरं, नाक खाली करून वेग राखणं. तिसरं, चालू मोटरीच्या बाजूचा रडर. त्यानंतर वळायचं असेल तर शक्यतो चालू मोटरीकडे, रुंद आणि उथळ. वाऱ्याची दिशा थोडी चुकली तरी चालेल, खाली सगळं पाणीच आहे. हा सी-प्लेनचा मोठा आधार, तो वापरा आणि काठापर्यंत आणण्याच्या नादी लागू नका.

विमान अचानक एका बाजूला ओढतंय आणि कारण कळत नाही, तरी हेच करा. थ्रॉटल पूर्ण काढला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि तुमच्याकडे एक साधं ग्लायडर उरतं.

पाण्यावर मोटर गेली तर मिक्स स्विच बंद करा, चालू मोटर अगदी हळू ठेवा आणि पाण्यातल्या रडरने आणा.

तांब्याची_तार

पाण्यापासून बचाव. बाहेरून अडवणं आणि आतून झाकणं, दोन्ही करायचं.

वायरिंगच्या आधी गळती तपासा. पोटात टिश्यू पेपर अंथरा, बॅटरीइतकं वजन ठेवा, झाकण लावून टबमध्ये १० मिनिटं तरंगत ठेवा. कागद कुठे ओला झाला ते बघा. बहुतेक वेळा पुशरॉडच्या नळीतून किंवा दोन अर्ध्यांच्या सांध्यातून येतं. नळीचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर घ्या आणि सिलिकॉन ग्रीस भरा. झाकणाला चारी कडांनी २ मिलिमीटरची बंद पेशींची फोमपट्टी, वरून पारदर्शक टेप, प्रत्येक उड्डाणाला नवी. नुसत्या चुंबकांवर राहू नका.

थोडं पाणी काय करतं त्याचा हिशेब करून बघा. २.२ किलोच्या विमानात १०० मिलिलिटर पाणी सीजीच्या ५० सेंटिमीटर मागे साचलं तर सीजी सुमारे २.२ सेंटिमीटर मागे जातो. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला हे १० टक्क्यांहून जास्त. टेक-ऑफमध्ये नाक उचललं की सगळं पाणी शेपटीकडेच धावतं. पोटाच्या मागच्या सर्वांत खालच्या जागी रबरी बूच असलेलं छिद्र ठेवा आणि दर उड्डाणानंतर उघडा.

ईएससी आणि रिसीव्हरच्या बोर्डांना सिलिकॉनचा कन्फॉर्मल कोट, दोन पातळ थर. उष्णता सोडणारी धातूची पट्टी, प्लगच्या पिना आणि दाबमापक सेन्सरचं छिद्र सोडून. प्लगमध्ये सिलिकॉन ग्रीस. सर्व्होच्या शाफ्टखाली ग्रीस, खोक्याच्या सांध्याला पातळ सिलिकॉन. ब्रशलेस मोटरला पाण्याचं भय नाही, गंजतात ती बेअरिंग. घरी आल्यावर प्रत्येकी एक थेंब तेल.

रिसीव्हरचे अँटेना तळाशी नकोत. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी शोषून घेतं. पोटात जितक्या वर लावता येतील तितक्या, एकमेकींशी काटकोनात.

खाडीचा विचार गोड्या पाण्यावर हात बसल्यावरच करा. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि तांबं झपाट्याने खातं. तिथून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, मोटरीतून पाणी ओतायचं, झाकण उघडं ठेवून सुकवायचं. लायपो खाऱ्या पाण्यात पडली तर कनेक्टरशी बुडबुडे दिसतात. ती घरात आणू नका, चार्ज करू नका. मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून लक्ष ठेवा. फुगली किंवा सेलचं व्होल्टेज हललं तर टाकून द्या.

काठावरचा

एक राहिलं. विमान मध्ये बंद पडलं तर पोहत जाऊ नका. पाण्यातून दिसतं त्यापेक्षा ते लांब असतं आणि वारा ते आणखी लांब नेतो. लाइफ जॅकेट घालून बोट, किंवा गळाची दांडी आणि दोरीला टेनिसचा चेंडू: चेंडू विमानाच्या पलीकडे टाकायचा आणि दोरी पंखावरून ओढत आणायची. बोट नसेल तर वारा आपल्याकडच्या काठाकडे येत असेल त्याच दिवशी उडवा, बंद पडलेलं विमान आपणच वाहत येतं. तळाला भडक नारिंगी टेपचे दोन रुंद पट्टे लावा. उलटं पडलेलं पांढरं विमान चकाकत्या पाण्यात शोधून सापडत नाही.

बॅटरी वेल्क्रोवर न ठेवता पट्ट्याने घट्ट बांधा. उलटल्यावर झाकण उघडून तीच आधी बुडते.

पाणकावळा

ठरलं, कॅनडेअर. एकच शंका: तिच्या पोटाला चाकंही येतात, ती लावूनच पाण्यात सोडावी का?

उंचपंख

नको. आत ओढली जाणारी चाकं असतील तर त्यांच्या खोबणीतून पाणी आत येतं, आणि एखाद्या वेळी ती खाली राहून पाण्यावर उतरलात तर विमान जागीच पालथं होतं. संचात खोबणी बंद करायच्या पट्ट्या असतील तर त्या चिकटवा, नसतील तर पातळ प्लास्टिक कापून तळाच्या पातळीत बसवा, कडा सँडपेपरने सपाट करा. चाकांचं वजन गेलं की सीजी परत तोलायचा, तो बहुधा बदललेला असतो.

काठापर्यंत न्यायला फोमच्या दोन ठोकळ्यांची घोडी करा. पायरीच्या पुढे एक आणि मागे एक, म्हणजे विमानाचं वजन पायरीच्या कडेवर येणार नाही.